पंख्यासाठी ठेवलेलं भोक

आमच्या धंद्यात भोक म्हणजे शिवी. हिद्दला बंदराच्या क्रेन दिसतात त्या बाजूला आमचं वर्कशॉप आहे. तिथे आम्ही केबिन बनवतो. साइटवरच्या ऑफिसांच्या, वॉचमनच्या आणि सगळ्यात जास्त संडास-बाथरूमच्या. बहारीनमध्ये केबिनचे शत्रू दोनच, ऊन आणि धूळ, आणि दोघंही फटीतून आत येतात. म्हणून इतकी वर्षं मी डिझाइन इंजिनीयर म्हणून जे काही केलं, ते फटी बुजवण्याचं. पॅनेल आलं की सांधा आला, सांधा आला की रबर आलं, रबरावर सिलिकॉन आलं. कुणी ड्रॉइंगवर विनाकारण भोक दाखवलं तर मी त्याला सगळ्यांसमोर झापत असे.

तयार केबिन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मी तिची एक परीक्षा घ्यायचे. आत अगरबत्ती लावायची, दार घट्ट ओढायचं आणि चहा पिऊन यायचं. मग बाहेरून प्रत्येक सांध्याला नाक लावून हुंगायचं. वास आला की केबिन नापास. ही परीक्षा कुठल्या पुस्तकात नाही, माझ्याच डोक्यातून निघालेली, आणि मला तिची फार मिजास होती. आता मला अगरबत्तीचा वास सहन होत नाही. घरी बुद्धवंदनेला मी फक्त मेणबत्ती लावते. मुलगी विचारते, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

दारांना रबर लावायचं काम दाजूंकडे होतं. दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. वर्कशॉपात सगळेच त्यांना तसं म्हणायचे, म्हणून मीही. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. नेपाळच्या अगदी उत्तरेला, मोठ्या डोंगरांच्या पलीकडे, जिथे झाड उगवत नाही आणि पाऊस जवळजवळ पडत नाही, अशा थंड कोरड्या पट्ट्यात त्यांचं गाव. थंडीत वर जाणारा रस्ता बर्फाखाली जातो, मग कुणी वर जात नाही की खाली येत नाही. गावात त्यांची आई आणि बायको अशा दोघीच. दाजू दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर जायचे. माणूस बोलायला कमी, पण त्यांनी रबर लावलेल्या दारातून अगरबत्तीचा वास कधीही आला नाही. मी त्यांना चिडवायचे, की तुमच्या दारातून यमसुद्धा आत शिरणार नाही. ते लाजून हसायचे.

एका थंडीत त्यांची आई पडली. त्यांच्याकडे संडास वरच्या मजल्यावर, घराच्या मागच्या अंगाला असतो आणि तिथे बाहेरून लाकडी शिडीनं चढावं लागतं. शिडीवर रात्रीचं बर्फ धरलेलं. सकाळी म्हातारीचा पाय घसरला आणि सूनबाईच्या लक्षात येईपर्यंत ती तशीच अंगणात पडून राहिली. मनगट मोडलं. पुन्हा पडली तर वाचणार नाही, कारण दवाखाना एक दिवसाच्या वाटेवर आणि वाट बंद, असं दाजूंनी मला कोऱ्या आवाजात सांगितलं. मग मोबाईलवर त्या संडासाचा फोटो दाखवून म्हणाले, "मॅडम, एक कठडा लगाना है, और एक अच्छा दरवाज़ा. आप ड्रॉइंग बना देंगे?"

त्यांनी एवढंच मागितलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मी फोटो मोठा करून पाहिला. मातीची जमीन, मधोमध लांबट खाच, कोपऱ्यात राखेचा ढीग आणि त्यात खोचलेलं फावडं. हे चालतं कसं, असं मी विचारलं. दाजूंनी समजावलं, की खाचेतून सगळं खालच्या बंद खोलीत पडतं. वरून फावडंभर राख आणि कोरडी माती टाकायची. पाणी लागतच नाही, थंडीत पाणी असतं कुठे. वर्षभर ते खाली पडून वाळतं, मातीसारखं होतं, आणि वसंतात खालचं दार उघडून ते जवाच्या शेतात नेतात.

"निकालता कौन है?" मी विचारलं.

"पहले मैं. अब माँ और बीवी."

माझं डोकंच फिरलं. दाजूंना ते कळलंही नसेल, कारण त्यांच्या बोलण्यात लाज नव्हती. त्यांच्या गावात ज्याच्या घरचं तोच काढतो, आणि चांगलं खत झालं म्हणून आनंदानं काढतो. पण मी ते त्यांच्या कानांनी ऐकलं नाही, माझ्या कानांनी ऐकलं.

माझे वडील नागपूरला महानगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात होते. गटारात उतरायचे. कमरेला दोर, अंगात चड्डी, आणि घरी आल्यावर अंगणातच तासभर अंघोळ. आम्हा भावंडांना त्यांनी शिकवलं ते त्या दोराच्या जोरावर, आणि एकच सांगून शिकवलं, की आपल्या घरातला कुणी पुन्हा दुसऱ्याच्या घाणीत हात घालणार नाही. मी इंजिनीयर झाले, बहारीनला आले, माझ्या हातचे शेकडो संडास वाळवंटात उभे राहिले. त्यातला एकही असा नाही, की जो माणसाच्या हातानं उपसावा लागतो. ती माझी प्रतिज्ञा होती म्हणा ना.

तर मी दाजूंना म्हटलं, कठडा नाही आणि दार नाही, ते जुनं सगळं खलास करा. मी तुम्हाला नवीन खोली काढून देते. घराला लागून, आतूनच दार, म्हणजे शिडीचा प्रश्न मिटला. पाण्याचं भांडं, जमिनीखाली टाकी, आणि भिंतींना आपले केबिनवाले जाड पॅनेल. तुमच्या आईला फावडं हातात धरावं लागणार नाही.

दाजू दोनदा म्हणाले, की पाणी गोठेल. मी दोनदा सांगितलं, की पिंप आत ठेवायचं आणि खोली इतकी घट्ट करायची, की आत काही गोठणारच नाही. घट्ट कशी करायची हे तुम्हाला मी सांगायला हवं का, असंही म्हटलं. त्यावर ते हसले. मॅडम इंजिनीयर, त्यांच्यापुढे काय बोलणार.

ड्रॉइंग मी दोन शुक्रवार बसून घरी काढलं. इतक्या प्रेमानं मी कुठल्याही गिऱ्हाइकाचं काम केलेलं नाही. वरच्या कोपऱ्यात, आमच्या नेहमीच्या पद्धतीनं, एक्झॉस्ट फॅनसाठी एक गोल भोक ठेवलं. तेवढंच एक. त्याच्याकडे मी फारसं लक्षही दिलं नव्हतं. संडासाच्या ड्रॉइंगवर ते असतंच, म्हणून आलं.

इथे वडिलांचं अजून थोडं सांगायला हवं. गटाराचं झाकण काढल्यावर ते लगेच उतरायचे नाहीत. थांबायचे. मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचे. कंदील जळत राहिला तर उतरायचं, मालवला तर मुकादमाच्या शिव्या खायच्या पण उतरायचं नाही. एकदा घाईत कंदील न सोडता उतरलेले त्यांचे दोन सोबती वर आले नाहीत. त्याबद्दल बाबा घरी कधी बोलले नाहीत. फक्त मोरीची खिडकी ते कुणाला बंद करू द्यायचे नाहीत. डिसेंबरात आम्ही कुडकुडत अंघोळ करायचो आणि मनात त्यांना नावं ठेवायचो.

वारण्याआधी एकदा ते माझ्याकडे महिनाभर राहून गेले. माहूजमधला आमचा फ्लॅट इथल्या बहुतेक फ्लॅटांसारखाच, बाथरूम मधोमध आणि चारही बाजूंनी भिंती. पहिल्याच दिवशी ते दारातच उभे राहिले.

"याले खिडकी कुठं हाय वं?"

मी बटण दाबून फॅन दाखवला. त्यांनी हात वर करून वारा लागतो का ते पाहिलं. मग म्हणाले, "अन् लाइन गेली तं?"

मी हसले. इथे लाइन जात नाही बाबा, म्हटलं. महिनाभर ते बाथरूमचं दार किलकिलं ठेवून अंघोळ करायचे आणि माझी मुलगी इंग्रजीत कुरकुर करायची. ते परत गेल्यावर आम्हाला सुटल्यासारखं झालं, हेही खरं आहे.

दाजू पावसाळ्यानंतर सुट्टीवर गेले. बॅगेत बायकोसाठी आणलेल्या कपड्यांपेक्षा रबराची गुंडाळी मोठी होती. पॅनेल खालच्या बाजारातून ट्रॅक्टरवर घालून त्यांनी वर नेले आणि एकट्यानं काम सुरू केलं. नेटवर्क मिळालं की फोटो पाठवायचे. भिंत उभी राहिली, भांडं बसलं, दार लागलं. मी ते फोटो मान ताठ करून सगळ्यांना दाखवत होते.

एक दिवस मी हमद टाउनला एका साइटवर निघाले होते. धुळीचं वादळ सुटलं होतं आणि गोल चक्करवर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. मी काचा वर करून, एसी लावून बसले होते. दाजूंचा मेसेज आला. फोटोत पॅनेलमधलं ते गोल भोक आणि त्यातून दिसणारं गडद निळं आकाश. खाली लिहिलं होतं, की गावात सोलरवर जेमतेम एक बल्ब चालतो, पंखा चालणार नाही, तर या होलचं काय करू?

मी लिहिलं, "बंद कर दो. ठंड आएगी. अच्छे से सील करना."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि गाडी पुढे घेतली. या उत्तराला मला यापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत दाजू परत आले. आई खूश होती. गावच्या लामांनी येऊन खोलीला आशीर्वाद दिला होता, शेजारपाजारचे बघून गेले होते. आमच्या वर्कशॉपात त्या दिवशी दाजूंनी सगळ्यांना करक चहा, म्हणजे इथला घट्ट दुधाचा चहा, पाजला.

मग वर थंडी पडली. दाजूंची बायको चार-पाच दिवसांतून एकदा फोन करायची आणि दुसऱ्या दिवशी दाजू मला बातमी सांगायचे. आधी पिंपातलं पाणी गोठलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं, पण म्हातारीनं स्वतःच तोड काढली होती. लोखंडी घमेल्यात चुलीतले निखारे भरून ती ते खोलीत ठेवायची. पाणी वितळायचं आणि खोली मस्त गरम व्हायची. घरातल्या इतर खोल्यांना फटी होत्या, वारा यायचा. हिला नव्हत्या. म्हातारी आता जेवणानंतर जपमाळ घेऊन तिथेच स्टूल टाकून बसते आणि दार ओढून घेते, असं दाजू सांगायचे.

तिचा फोटोही आला. नव्या संडासात, स्टुलावर, लोकरी एप्रनमध्ये ऐटीत बसलेली म्हातारी. हातात माळ आणि पायाशी निखाऱ्यांचं घमेलं. आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो. मी त्या फोटोची प्रिंट काढून माझ्या टेबलामागच्या बोर्डावर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हे माझं सगळ्यात समाधानी गिऱ्हाईक.

पुढच्या बातम्याही मी ऐकल्या होत्या. लक्षात आलं नाही असं म्हणायला मला जागा नाही. म्हातारीला नव्या खोलीत लगेच झोप लागते. म्हातारीचं डोकं हल्ली दुखतं. एकदा बाहेर येताना तोल गेला. एकदा उलटी झाली, वाळवलेलं मांस बाधलं असेल. दाजू म्हणाले वय झालं, मीही म्हटलं वय झालं. बोर्डावरच्या फोटोत ती हसत होती.

तो गुरुवार होता, आठवड्याचा शेवटचा दिवस. दुपारी एक केबिन जायची होती, म्हणून मी नेहमीप्रमाणे आत अगरबत्ती लावली आणि दाजूंनी दार ओढलं. मधेच गिऱ्हाइकाचा फोन आला आणि मी विसरले. चांगल्या तासाभरानं दार उघडलं. काडी केव्हाच संपली होती, पण धूर छताखाली होता तसाच थांबला होता. मी आत पाऊल टाकलं आणि डोळे चुरचुरले. दाजू अभिमानानं म्हणाले, की एक धागाभरसुद्धा बाहेर आला नाही.

मी त्या धुराकडे बघत उभी राहिले. एका काडीचा धूर होता तो.

"माँ दरवाज़ा बंद करके बैठती है ना?" मी विचारलं.

"हाँ मॅडम. उसी के लिए तो दरवाज़ा बनाया."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी फोन करा. सांगा, निखारे आत ठेवू नका. त्यांनी विचारलं, का? आणि मी, गटारात कंदील सोडून बघणाऱ्या माणसाची मुलगी, म्हणाले की भिंती काळ्या होतील, पॅनेल खराब होईल.

खोटं का बोलले, याचं उत्तर मी स्वतःला वेगवेगळं देऊन पाहिलं आहे. उगीच घाबरवायला नको. खात्री कुठे आहे. रविवारपर्यंत नीट विचार करून सांगू. खरं कारण इतकंच, की समोर दाजू होते, मागे बोर्डावर तो फोटो होता, आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये खोट आहे हे त्या माणसाला सांगायची मला लाज वाटली.

फोन लागला नाही. गावात बर्फ पडत होतं आणि वरच्या टॉवरची बॅटरी बसली की असं चार-चार दिवस व्हायचं. दाजूंनी व्हॉइस मेसेज पाठवला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मेसेजखाली एकच टिक आली, म्हणजे इथून गेला पण तिथे पोचला नाही. मी म्हटलं, पोचला की मला कळवा. ते म्हणाले, इंशाल्ला, बर्फ थांबलं की पोचेल. भिंती काळ्या होण्याची त्यांना फारशी काळजी वाटत नव्हती, आणि का वाटावी.

शुक्रवार-शनिवार सुट्टीचे. शुक्रवारी सकाळी मी त्यांना विचारलं, त्यांनी मेसेजचा फोटो काढून पाठवला. एक टिक. दुपारी विचारलं. एक टिक. नवरा म्हणाला, तुला झालंय काय. मी बाथरूममध्ये गेले, फॅनचं बटण बंद केलं आणि दार लावून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. काहीच झालं नाही, काहीच वास आला नाही. तेच तर बाबा सांगायचे, की जी हवा मारते तिला कधीकधी वासही नसतो. शनिवारी संध्याकाळीही एकच टिक होती आणि मग मी विचारणं थांबवलं.

रविवारी दाजू कामावर आले नाहीत. फोरमननं सांगितलं, त्याची आई गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीवर गेले. वर्कशॉपच्या मागेच कामगारांची राहायची जागा आहे. खोलीत सहा बंक होते, बाकीचे पाच जण कामावर. दाजूंनी स्टीलच्या वाटीत दिवा लावला होता आणि ते खालच्या बंकवर बसले होते. त्यांना जाता येणार नव्हतं, रस्ताच बंद होता. गावानं सगळं उरकलं होतं.

मला बघून ते उठले, मला बसायला खुर्ची दिली आणि माझी समजूत काढावी तसं बोलायला लागले. टॉवर आज सकाळी सुरू झाला, तेव्हा कळलं. आई शनिवारी सकाळी गेली. त्रास झाला नाही. नव्या खोलीत माळ घेऊन बसली होती, तिथेच डोळा लागला. बायको सांगत होती, की चेहरा इतका छान होता, गाल लाल लाल, जिवंत माणसासारखे. लामांनी सांगितलं, पुण्यवान बाई, स्वच्छ जागेत, उबेत गेली. अंगणात बर्फात पडून गेली असती तर? "आपकी वजह से, मॅडम," दाजू म्हणाले आणि त्यांनी मला हात जोडले.

मी मान खाली घातली. आता गप्प राहणं किती सोपं होतं, हे मला आठवतं. त्यांना यातच शांती मिळत होती. गेलेलं माणूस परत येणार नव्हतं. मी दोन शब्द बोलून उठले असते तर ते आजन्म मला दुवा देत राहिले असते. शनिवारी सकाळी म्हातारी त्या खोलीत गेली तेव्हा माझा निरोप एका टिकवर अडकला होता, आणि पोचला असता तरी काय? भिंती काळ्या होतील म्हणून थंडीत निखारे कोण बाहेर ठेवील?

मी उठलेच होते. दाजू बोलत राहिले. गावातल्या आणखी पाच घरांना तशीच खोली हवी आहे, ड्रॉइंगची प्रिंट द्याल का. आणि आता घरात दुखवट्याला बायका येताहेत. बायको त्यांना नव्या खोलीतच बसवते, तिथे निखारे ठेवले की छान गरम राहतं.

"आत्ता?" मी मराठीतच विचारलं.

"हाँ, अभी भी सब वहीं बैठे होंगे."

मी पुन्हा बसले आणि सगळं सांगितलं. कोंडलेल्या जागेत निखारे कसा विषारी वायू सोडतात ते. झोप, डोकेदुखी, उलटी, तोल जाणं आणि शेवटी लाल गाल, एकेक करून सगळं. भिंती काळ्या होतील हे मी खोटं बोलले होते हेही. माझं हिंदी अडखळत होतं. दाजू माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते. मी थांबल्यावर फक्त एक प्रश्न विचारला.

"वो पंखेवाला होल?"

"हाँ," मी म्हटलं. "बंद करो मैंने ही बोला था."

ते स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. "मैंने दो बार सिलिकॉन मारा था," ते म्हणाले.

मग त्यांनी फोन उचलला. ते त्यांच्या घरच्या भाषेत बोलले, मला त्यातलं अक्षर कळलं नाही. आवाज चढला नाही, पण तेच तेच शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पलीकडे बायकांचा गलका झाला, दार आपटलं, खोकण्याचे आवाज आले. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पॅनेलवर काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला. एक, दोन, आणि तिसऱ्याला पत्रा फाटला. दाजूंनी डोळे मिटून घेतले. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता.

त्या दिवसानंतर दाजू तीन दिवस कामावर आले नाहीत. मला वाटलं, आता ते माझं तोंडही बघणार नाहीत, आणि बघावं असंही मला वाटत नव्हतं. बोर्डावरचा फोटो मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. फेकायचा धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि उभे राहिले. म्हणाले, ड्रॉइंग करून द्या. पाच घरं थांबली आहेत. मी विचारलं, कसलं ड्रॉइंग?

"वही, जो पहले बोला था. कठडा और दरवाज़ा."

मी काढून दिलं. जुनाच संडास, राखेचा आणि फावड्याचा. घराच्या आतून चढायला जिना, दोन्ही बाजूंना कठडा, म्हाताऱ्या माणसाला बसता येईल असं बैठं आसन. दाराला रबर नाही. वरच्या कोपऱ्यात, कुणाला झाकता येणार नाही अशा उंचीवर, एक भोक. खालची खोली उपसायचं दार मी माझ्या हातानं काढलं आणि त्या वेळी मला बाबांना काही सांगावंसं वाटलं.

दाजूंनी कागद नीट पाहिला. भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, इथे लिहून द्या. गावात शाळेत गेलेल्यांना नेपाळी वाचता येतं, आणि तुमची अक्षरं तीच आमची अक्षरं. मी सांगतो तसं लिहा. मी मार्कर घेतला.

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: यो प्वाल नटाल्नू. हे भोक बुजवू नका.

मग दुसरी ओळ: भित्र आगो नराख्नू. आत निखारे ठेवू नका.

बाहेर कुणीतरी केबिन क्रेनला लावत होतं, यल्ला यल्ला असं ओरडणं चाललं होतं. तो गलका थांबल्यावर दाजूंनी तिसरी ओळ सांगितली: मेरी आमा यसरी बित्नुभयो. माझी आई अशी गेली.

ती ओळ मी खालच्या कडेला बारीक अक्षरात लिहिली. दाजूंनी कागद उचलून उजेडात धरला, वाचला आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

"ये वाली ऊपर की दोनों से बड़ी लिखिए, मॅडम," ते म्हणाले. मी नवीन कागद घेतला.